माळावरची नाव

यंदा तळं भरलं की शिवकांताला नावेतूनच माहेरी नेणार! म्हणजे नेणारच! व्यंकटनं पारावर जाहीर करून टाकलं. लग्नात त्यानं तिला तसा शब्दच दिला होता. सासुरवाडी तळ्याच्या पल्याड, अगदी समोर दिसायची; पण जायचं म्हणजे जळकोटवरून वळसा! आणि या तळ्यात नाव अशी कुणी पाहिलीच नव्हती.

म्हणून तो थेट मुंबईच्या भंगारातून शिडाची होडी घेऊन आला. दुसरं महायुद्ध संपल्यावर विलायतेत कुणा हौशी साहेबानं बांधून घेतलेली, अस्सल सागवानी! घरासमोरच्या माळावर टेकू देऊन ती उभी केली. जेवण झालं की व्यंकट तिच्यात चढे, सुकाणू धरी आणि डोळे मिटे. कडब्याची गंज वाऱ्यानं सळसळली की त्याला लाटा ऐकू येत. समोर शिवकांता पदर सावरत बसलेली दिसे.

खरी शिवकांता खालून ओरडे, "उतरा आता! म्हशीला पाणी कोण दावणार?"

एक दिवस मकबूल मिस्त्रींनी फळ्यांवरून हात फिरवला. "व्यंकटराव, उन्हानं फटी पडल्यात. बैलगाडीचं चाक सुकलं की आपण पाण्यात टाकतो, हाव का न्हाई? हिला बी पाणी पाजा. पाऊस येईस्तोवर ओली ठेवा, न्हाई तर ही चाळणी हाय चाळणी!"

पण भर उन्हाळ्यात तळं कोरडं ठणठणीत! मग व्यंकटनं होडीतच पाणी सोडलं. बोअरनं घोट्याइतकं दिलं आणि मान टाकली.

तेवढ्यात गावाचा टँकर आला. ड्रायव्हर बसलिंगप्पा नवीन होता. माळावरचं ते थोरलं लाकडी भांडं बघून त्यानं विचारलं, "गावाची टाकी हीच नव्हं?"

व्यंकट सुकाणू धरून, डोळे मिटून लाटांवर होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "हाव!"

होडी काठोकाठ भरली! फळ्या फुगल्या, फटी मिटल्या, थेंब गळेना. व्यंकटचे डोळे भरून आले. आणि टँकरचा आवाज ऐकून अख्खं गाव घागरी घेऊन धावलं!

"थांबा! हे होडीचं पाणी हाय!"

"होडीला काय तहान लागती का?" शेजारची पुनम म्हणाली. "तो शिडाचा दोर द्या इकडं, बादलीला बांधते!"

मग टँकर रोज तिथंच रिकामा व्हायला लागला, आणि होडीही रोज रिकामी. तळाशी उरलेलं हातभर पाणी तेवढं व्यंकट जिवापाड राखायचा. तेवढ्यावरच होडी ओली होती.

एका सकाळी कोरड्या तळ्यातून सरळ चालत त्याची सासू आली. सरजाबाईंच्या डोक्यावर घागर, काखेत कळशी.

"जावाई, आमच्याकडं टँकरच न्हाई. तुमच्या नावंत पाणी हाय म्हनं?"

सासूला नाही कसं म्हणायचं? व्यंकटनं स्वतः घागर भरली. कळशी शिवकांतानं कमरेवर घेतली. "आईला एकटीला झेपायचं न्हाई. जाते संगं, राहून येते थोडं."

दोघी भेगाळलेल्या तळ्यातून निघाल्या. व्यंकट नावेत चढून सुकाणू धरून उभा राहिला. तळ्याच्या मधोमध शिवकांता वळली, तिनं हात हलवला. अगदी स्वप्नातल्यासारखं ऊन तिच्या पदरावर चमकत होतं. व्यंकटचा ऊर भरून आला, त्यानंही हात हलवला.

"अवो!" ती ओरडली. "उरलेलं पाणी राखून ठेवा! उद्या भावजया येणार हायत!"