चाल आबाराव यांची

आबाराव ऐन डावात गेला तो मुद्दाम गेला, याबद्दल कडूबाच्या मनात तीळभर शंका नव्हती. झोपेत गेला, काही त्रास झाला नाही, भाग्याचा माणूस, असं तीर्थपुरीत जो तो म्हणत होता. कडूबा सगळ्यांपुढे मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, भाग्याचा कसला, लबाड! हरायची वेळ आली तसा उठून गेला.

डाव सोंगट्यांचा होता आणि तो फोनवर मांडलेला होता. पूर्वी आबाराव, कडूबा, रामप्रसाद आणि मच्छिंद्र देवळाच्या ओट्यावर कापडी पट पसरून कवड्या टाकायचे. पुढे रामप्रसाद मुलाच्या नोकरीपायी अंकुशनगरला कारखान्याच्या वसाहतीत गेला, मच्छिंद्र जाफराबादला लेकीकडे राहू लागला, आणि ओट्यावर दोघंच उरले. दोघांत पट रंगत नाही. तेव्हा आबारावची मुलगी सत्यशीला नाशिकहून सुट्टीला आली असता तिनं चौघांच्या फोनवर 'पटसाथी' नावाचं ॲप घालून दिलं. त्यात कवड्या खुळखुळायच्या, सोंगट्या टकटक चालायच्या आणि घाई कुणालाच नसायची. कुणी शेतात असो, कुणी एसटीत. ज्याची चाल त्यानं सवडीनं चालावी, तोवर बाकीच्यांनी थांबावं. ही सोय सत्यशीलेनं म्हाताऱ्यांसाठी मुद्दाम निवडली होती.

ॲप आल्यापासून कडूबा एकदाही जिंकला नव्हता. ओट्यावर निदान धोतराच्या सोग्यानं एखादी कवडी उलटवता तरी यायची. फोनमध्ये सोगा घालता येत नाही. दर डावात त्याची सोंगटी घराच्या तोंडाशी आली की आबाराव मागून येऊन तिला मारायचा. आणि या खेपेला, आयुष्यात कधी नव्हे ते, कडूबाच्या तीन सोंगट्या घरात पोचल्या होत्या. चौथी घराच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. एक पाऊल आत टाकलं की तिला कुणाचा बाप हात लावू शकत नव्हता. मागे चार घरांवर आबारावची एक सोंगटी टपलेली होती खरी, पण नेमकं चारचं दान पडायला नशीब लागतं. आबारावची चाल झाली की कडूबाची. आणि त्याच रात्री आबाराव गेला. फोनवर तेव्हापासून एकच ओळ होती : 'चाल आबाराव यांची. कृपया थांबा.'

कडूबा थांबला. त्यानं खांदा दिला, रक्षा सावडायला गेला, तेराव्याच्या पंगतीत बुंदी वाढली. वाढता वाढता मात्र एका हातानं खिशातला फोन काढून पाहिलाच.

"आव, लाज वाटू द्या जराशी," त्याची बायको गोजरबाई दातांतल्या दातांत म्हणाली.

"म्या काय केलं? थांबलोच ना! त्या दिसापासून निस्ता थांबूनच राह्यलो!"

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रचा फोन आला. "कडूबा, आता नवा डाव मांडू. तिघांत."

"नवा? आन माही सोंगटी दारात उभी हाय तिचं काय? तिला काय सांगू?"

"आरं, मेलेल्या माणसासंग काय भांडतूस?"

"जित्ता असता तर भांडलो नसतो. हरवलं असतं!"

मच्छिंद्रनं रेंज नसल्याचं सांगून फोन ठेवला. रामप्रसादनं उचललाच नाही. मग कडूबानं ठरवलं की थेट कंपनीलाच जाब विचारायचा. त्यानं चष्मा लावून फोन खालीवर चाळला, तर त्या ओळीखाली एक छोटी घंटी होती. घंटी म्हणजे तक्रार, असा त्यानं हिशेब केला आणि अंगठ्यानं दाबली. काहीच झालं नाही. पुन्हा दाबली. कंपनी ऐकत नाही असं दिसल्यावर त्यानं ती रागारागानं दाबतच ठेवली, आणि थकून, फोन छातीवर ठेवून, तोंडावर उपरणं घेऊन ओसरीतल्या बाजेवर आडवा झाला.

ती घंटी कंपनीला वाजत नव्हती.

आबारावचा फोन त्याच्या फोटोसमोर, समईच्या बाजूला चार्जिंगला लावलेला असायचा. ज्यांना अजून कळलं नव्हतं त्यांचे फोन यायचे आणि सत्यशीला ते घ्यायची. त्या दुपारी पुष्पाबाईजवळ, म्हणजे आबारावच्या बायकोजवळ, गल्लीतल्या बायका बसायला आल्या होत्या. सत्यशीला आत चहा टाकत होती. एवढ्यात फोटोच्या दिशेनं एक गोड बाईमाणसाचा आवाज आला :

"आबाराव, कडूबा तुमची वाट पाहत आहेत."

बायका फोटोकडे वळल्या. आवाज पुन्हा आला. "आबाराव, कडूबा तुमची वाट पाहत आहेत. लवकर या."

"वाट पाह्यतो म्हंजी?" शेजारची आसराबाई हळूच म्हणाली. "म्हंजी कडूबाभाऊ तिकडं पोचले का काय?"

"सकाळी तर दुकानापाशी दिसले होते, बाई."

"आबारावभाऊ बी रात्री जेवूनच झोपले होते."

सत्यशीला बाहेर येऊन फोन बंद करीपर्यंत आसराबाई दोघींना घेऊन निघालीसुद्धा होती, आणि जाता जाता सुनेला ओरडून सांगत होती की पिठलं-भाकरी टाक, गोजरबाईच्या घरी आज चूल पेटायची नाही.

कडूबाच्या ओसरीवर त्या पोचल्या तेव्हा त्यांना जे दिसलं त्यानं उरलीसुरली शंकाही फिटली. बाजेवर माणूस निश्चल, तोंड झाकलेलं. आसराबाईनं हंबरडा फोडला. आत सोयाबीन निवडत बसलेली गोजरबाई सूप टाकून धावली, तिनं बाज पाहिली, बायका पाहिल्या आणि कशाचीही चौकशी न करता तिनंही गळा काढला.

त्या गलक्यानं कडूबा दचकून उठला. "काय झालं? कोण गेलं?"

गोजरबाईनं पदर डोळ्यांवरून काढला.

"आव, कोण गेलं सांगा ना!"

"तुमी," आसराबाई म्हणाली.

कडूबानं क्षणभर स्वतःकडे पाहिलं. "मी? मंग मला काऊन सांगितलं न्हाई कुणी?"

नंतर जे झालं त्यात गोजरबाईचा वाटा मोठा होता. जिवंत नवऱ्यासाठी रडायला लावल्याबद्दल ती आसराबाईला बोलली, आसराबाई फोटोतल्या आवाजाला बोलली आणि कडूबा सगळ्यांना बोलला. एवढ्यात आसराबाईची सून पिठलं-भाकरी घेऊन दारात उभी राहिली. गोजरबाई ते ताट परत धाडणार होती.

"राहू दे," कडूबा रागानं म्हणाला. "आणलंच हाय तर ठेव." आणि त्याच रागात त्यानं ते संपवलंही.

संध्याकाळी सत्यशीला आली. हातात आबारावचा फोन होता. ती बाजेच्या कडेला उभी राहिली.

"काका, घंटी तुम्ही दाबली?"

"कंपनीला दाबली."

"ती बाबांना वाजली."

कडूबानं नजर खाली केली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. चढला असता तर त्यालाही चढवता आला असता.

"उद्या मी आईला घेऊन नाशिकला जातेय," ती म्हणाली. "बाबांचं हे खातं बंद करून टाकते. म्हणजे तुम्हालाही त्रास नको."

"मंग डाव?"

तिनं फोनवरची ओळ वाचून दाखवली. "खेळाडू बाहेर पडल्यास डाव रद्द होईल. कोणीही विजयी ठरणार नाही."

"कोणीही?" कडूबा उठून उभाच राहिला. "हा काय न्याय हाय का? इतक्या वर्सात एकडाव दारात आलो, आन रद्द? हरणारा उठून गेला की डाव मोडला! असं तर कुणी बी मरंल!"

"काका, बाबा गेलेत हो."

"मला ठाऊक हाय! मला न्हाई ठाऊक तर कुणाला ठाऊक? रोज फोन उघडतो तव्हा तेच तर लिव्हलेलं असतंय!"

कडूबाला आपला आवाज गल्लीत गेलेला ऐकू आला. सत्यशीला बाजेवर बसली.

"बरं," ती म्हणाली. "बाबांची चाल मी चालते. मला खेळता येत नाही, पण एकदा टाकते. मग तुम्ही जिंका, आणि मग बंद करू."

कडूबा लगबगीनं शेजारी बसला. चष्मा पुसून लावला. सत्यशीलेनं कवड्यांवर बोट टेकवलं. त्या खुळखुळल्या, गडबडल्या आणि पडल्या.

चार.

कडूबानं डोळ्यांनीच घरं मोजली. पण सत्यशीलेला त्या चारचा अर्थ कळला नव्हता. ती गोंधळलेली पाहून ॲपनं स्वतःहून एक पिवळा हात दाखवला : 'सल्ला : मागची सोंगटी पुढे न्या.' कुठल्या तरी कोपऱ्यात आबारावची दुसरीच एक निरुपद्रवी सोंगटी होती, तिच्याकडे तो हात नाचत होता. कडूबानं फक्त गप्प बसायचं होतं. इतक्या वर्षांत त्याच्या वाट्याला आलेलं हे सगळ्यात सोपं काम होतं. सत्यशीलेचं बोट त्या कोपऱ्याकडे निघालं.

"अगं थांब! काय करून राह्यलीस?"

"तो सल्ला देतोय ना."

"त्याच्या सल्ल्याला काडी लाव! ही बघ तुह्या बापाची सोंगटी. एक, दोन, तीन, चार. हितं कोण हाय?"

"तुमची."

"मंग मार तिला!"

सत्यशीलेनं बोट मागे घेतलं. "पण मग तुम्ही हराल, काका."

"तुह्या बापानं सोडली असती का? कव्हा सोडली त्यानं? आन तू त्याच्या नावावर असली गुळमुळीत चाल खेळतीस? बिलकुल चालायचं न्हाई! मार म्हणतो ना!"

तिनं बोट ठेवलं. आबारावची सोंगटी टकटक करत चार घरं चालून गेली, आणि कडूबाची सोंगटी उडाली ती थेट पटाच्या मध्यात जाऊन पडली.

कडूबा खवळला.

"मारली! खरंच मारली! हात बी थरथरला न्हाई! म्हातारा माणूस हाय, दारात उभा हाय, काही दयामाया? बराबर बापावर गेलीस! तो बी असाच, डोळ्याला डोळा न देता मारायचा!"

सत्यशीलेनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं होतं. ती हसत होती की काय, ते कडूबानं नीट पाहिलं नाही. तो रागावण्यात गुंतला होता.

"आता तुमची चाल आहे," ती म्हणाली.

"ठाऊक हाय. तू खातं कव्हा बंद करतीस ते सांग."

"डाव चालू असताना कसं बंद करू?"

"मंग फोन नाशिकला घेऊन जा. आन रोज चार्ज करत जा, तुह्या बापासारखं इसरू नको."

त्यानं कवड्या टाकल्या. एकचं दान पडलं. सोंगटी मध्यातून निघून पहिल्या घरावर जाऊन उभी राहिली. गोजरबाई दिवा लावून बाहेर आली आणि दोघांच्या मधून फोनमध्ये डोकावली.

"संपला का न्हाई मेला तुमचा डाव? किती राह्यलं आजून?"

"समदा पट राह्यलाय," कडूबा वैतागून म्हणाला आणि पाठीशी उशी घेऊन नीट मांडी घालून बसला.