लिलियन की मार्जरी

ट्रेव्हर पिलिंगच्या मते हे काम अर्ध्या तासाचं होतं! 'द चिमनीपॉट्स' या बँडची दहा सर्वोत्तम सिंगल्स निवडायची, क्रमाने लिहायची आणि बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत पाथरवट कर्शॉला फोनवर सांगायची. ज्या नाचघरात या चार पोरांनी त्रेसष्ट साली पहिल्यांदा गिटारी बडवल्या, ते डागडुजी होऊन पुन्हा उघडणार होतं. दारातल्या भिंतीवर काळ्या दगडात ही दहा नावं कोरली जाणार होती. दगडात! म्हणजे नंतर खाडाखोड नाही.

गावात चिमनीपॉट्सबद्दल शेवटचा शब्द ट्रेव्हरचाच, यावर वाद नव्हता. म्हणजे आता नव्हता. वाद घालणारा क्लिफ हिंडल पाच आठवड्यांपूर्वी गेला होता.

क्लिफ शेजारच्याच घरात राहायचा. दोन घरांत मिळून भिंत एकच, आणि तीही अशी की इकडे बिस्किट मोडलं तर तिकडे कळावं. साठ वर्षं दोघं एकाच मुद्द्यावर भांडले. ट्रेव्हर म्हणायचा, 'मार्जरी मिस्ड द बस'सारखी तबकडी पुन्हा होणे नाही. क्लिफ म्हणायचा, 'लेट मी इन, लिलियन'! त्या लिलियनच्या सुरुवातीला ढोलकरी लाकडी खोक्यावर तीनदा टकटक करतो आणि मग गायक रडक्या आवाजात 'मला आत घे' म्हणून गळा काढतो. ट्रेव्हरला ते ऐकलं की दात दुखायचे. हॉस्पिटलात नाकात प्राणवायूची नळी असतानासुद्धा क्लिफ म्हणाला होता, "ट्रेव्ह्या... लिलियनच पहिली, लक्षात ठेव." ट्रेव्हर म्हणाला होता, "आधी बरा हो, मग भांडू." क्लिफ बरा झाला नाही. भांडण तसंच राहिलं, आणि ट्रेव्हरला ते फार लागलं होतं. पण लागलं म्हणून काय लिलियनला दगडात घालायचं? सोमवारी दुपारी त्याने यादी केली. मार्जरी पहिली. लिलियन दहांतही नाही!

घरात तो एकटाच होता. बायको ब्रेंडा जुन्या कपड्यांच्या दुकानात फुकट सेवा द्यायला गेली होती, ती सहाला यायची. क्लिफची बायको ग्लेनिस रविवारीच बहिणीकडे स्कारबरोला गेली होती, दोन आठवड्यांसाठी. जाताना कुंड्यांना पाणी घालायला किल्ली ट्रेव्हरकडेच देऊन. म्हणजे पलीकडचं घर रिकामं आणि कुलूपबंद.

नोव्हेंबरातले चार वाजले. बाहेर अंधारून आलं होतं. ट्रेव्हर चहात दूध ओतत होता, तोच भिंतीतून आवाज आला.

टक. टक. टक.

ट्रेव्हरचा हात तसाच थांबला. दूध बशीत, बशीतून टेबलावर आणि टेबलावरून यादीवर गेलं. भिंतीपलीकडे कुणीतरी अगदी हळू, जमिनीखालून बोलावं तसं म्हणत होतं, "मला आत घे..."

गाणं संपलं. क्षणभर शांतता. खरखर झाली. आणि पुन्हा टक, टक, टक! पुन्हा संपलं, पुन्हा सुरू. ट्रेव्हर भिंतीला कान लावून बसला, मग कान काढून घेतला, कारण भिंत गार पडली होती. नोव्हेंबरात भिंती गारच असतात, पण हे तेव्हा कुणाला सुचतंय!

तासभर त्याने तग धरला. शेवटी तो भिंतीकडे बघून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बरं बाबा, दहावी. दहावी लिहितो, झालं समाधान?" त्याने ओल्या कागदावर लिलियन दहावी लिहिली. घड्याळात साडेपाच झाले होते. त्याच क्षणी गायकाचा आवाज जड झाला, लांबला, विहिरीत बुडणाऱ्या माणसासारखा खोल खोल गेला आणि बंद पडला.

ब्रेंडा आली तेव्हा तो तसाच बसलेला होता.

"पलीकडे काही ऐकू येतंय?" त्याने विचारलं.

"तुझं पोट गुरगुरतंय तेवढं येतंय. आणि हे टेबल कुणी पुसायचं, क्लिफने?"

"त्याचं नाव घेऊ नकोस!" ट्रेव्हर इतक्या जोरात ओरडला की ब्रेंडाने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मंगळवारी चारला पुन्हा तेच. टक, टक, टक! ट्रेव्हरने रेडिओ मोठा केला, कानात बोटं घातली, चिमनीपॉट्सचीच दुसरी गाणी मोठमोठ्याने म्हणून पाहिली. भिंत ऐकेना. मग त्याने घासाघीस सुरू केली. "आठवी?" आवाज चालूच. "सातवी? अरे, काही लाज? सहावी!" आवाज चालूच. "पाचवी, आणि यापुढे एक पायरी नाही!" साडेपाच वाजले. आवाज विहिरीत गेला. ट्रेव्हर घामाने निथळला होता. क्लिफ जिवंतपणी इतका हट्टी नव्हता असं त्याला वाटलं. मग आठवलं, होता.

बुधवारी मात्र त्याने कंबर कसली. आपण काही लहान पोर नाही! शिवाय कुंड्यांना तीन दिवस पाणी नव्हतं. चारला दहा मिनिटं असताना झारी घेऊन, किल्ली फिरवून तो क्लिफच्या घरात शिरला.

घर थंडगार होतं. क्लिफची टोपी खुंटीला होती. त्याच्या खुर्चीच्या गादीत त्याच्या बसण्याचा खळगा तसाच होता, आणि ट्रेव्हर त्या खळग्याकडे पाठ न करता कडेकडेने आत गेला. कोपऱ्यात लाल पेटीचा जुना रेकॉर्ड प्लेअर होता. झाकण लावलेलं. ट्रेव्हरने ते दोन बोटांनी उचललं.

आत लिलियन होती. सुई तबकडीच्या मधोमध टेकलेली. ऐकता ऐकता कुणीतरी उठून गेल्यासारखी.

ती उचलावी म्हणून त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. एकोणसत्तर साली त्याने क्लिफचं गाणं अर्ध्यावर थांबवलं होतं, तर क्लिफ चार महिने बोलला नव्हता. तेव्हा निदान तो जिवंत होता!

"क्लिफ," ट्रेव्हर हळूच म्हणाला, "मी फक्त पाणी घालायला आलोय."

खट्ट!

खुर्चीमागचा दिवा आपोआप लागला. तबकडी फिरायला लागली. आधी नुसतीच फिरली, एकही आवाज नाही, आणि मग पेटीच्या आतून, लांबून चालत यावा तसा क्लिफच्या लाडक्या गायकाचा आवाज वर आला, "मला आत घे..."

झारी ट्रेव्हरच्या पायावर पडली. पाणी बुटात गेलं. नंतर तो सांगायचा की आपण शांतपणे दार ओढून बाहेर पडलो. समोरच्या मिसेस डगडेलने मात्र त्याला एका पायात बूट घालून कुंपणावरून उडी मारताना पाहिलं होतं. आणि ट्रेव्हरचं वय पंच्याहत्तर!

त्याने थेट कर्शॉला फोन लावला. लागेना. सव्वाचार, पाच, सव्वापाच, दर वेळी फोन गुंतलेला! भिंतीपलीकडे लिलियनचं दार वाजतच होतं. अखेर फोन लागला.

"कर्शॉ, लिहून घ्या! पहिली 'लेट मी इन, लिलियन'!"

"अहो पिलिंग, साठ वर्षं तर म्हणत होतात पहिली मार्जरी."

"तेव्हा मला जिवंत माणसांचंच मत माहीत होतं!"

"मार्जरी मग दुसरी का?"

ट्रेव्हरने डोळे मिटले. पोरगी लग्न होऊन जाताना बापाला वाटावं तसं त्याला वाटलं. "दुसरी," तो म्हणाला. आणि साडेपाचच्या ठोक्याला भिंत गप्प झाली. ट्रेव्हर खुर्चीत कोसळला. "जिंकलास, लेका," तो भिंतीला म्हणाला, आणि त्याला रडू आलं. घाबरल्यामुळे, असं त्याने स्वतःला सांगितलं.

पुढच्या दिवसांतही चारला गाणं वाजलंच. ट्रेव्हरने त्याचा अर्थ लावला की क्लिफ आनंद साजरा करतोय, आणि तो रोज त्या वेळी बागेत उभा राहू लागला, थंडीत.

पुढल्या शनिवारी नाचघर उघडलं. ग्लेनिस स्कारबरोहून थेट तिथेच आली, हातात बॅग घेऊन. दगडावरचा पडदा बाजूला झाला. तिने पहिलं नाव वाचलं आणि अशी हसत सुटली की तिला धरून खुर्चीवर बसवावं लागलं.

"लिलियन! अगं बाई! ट्रेव्हर, अरे, क्लिफला ते गाणं दोन मिनिटं सहन व्हायचं नाही!"

"मग तो ते रोज चारला का वाजवतो?"

"तो कसला वाजवतो! चोर येऊ नयेत म्हणून मी दिवा आणि प्लेअर वेळेच्या स्विचवर लावून गेले होते. चार ते साडेपाच. वरचा दांडा बाजूला केला की तीच तबकडी पुन्हा पुन्हा वाजते ना, तशी ठेवली. आणि लिलियन लावली कारण घरात न झिजलेली ती एकच होती. त्याने ती कधी वाजवलीच नाही!"

दांड्याची ही खुबी ट्रेव्हरला साठ वर्षांपासून ठाऊक होती. वेळेचा स्विच तर त्याच्या स्वतःच्या जिन्यात होता. त्याने हळूच ब्रेंडाकडे पाहिलं. ब्रेंडा छताकडे बघत होती. तिचे खांदे मात्र हलत होते.

"मग त्याची आवडती कुठली?"

"मार्जरी. तीन तबकड्या झिजवल्या त्याने, तू घरी नसताना. चौथी शवपेटीत त्याच्या कोटाच्या खिशात घालून पाठवली मी."

"साठ वर्षं!" ट्रेव्हर किंचाळला. लोक वळून बघायला लागले. "साठ वर्षं माझ्याशी भांडला तो!"

"मी विचारलं होतं त्याला," ग्लेनिस म्हणाली. तिचं हसू आता ओसरलं होतं. "तो म्हणाला, मी ट्रेव्हरचं म्हणणं मान्य केलं तर तो दर गुरुवारी आपल्याकडे कशाला येईल?"

ट्रेव्हरने दगडाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, नाक शिंकरलं. मग म्हणाला, "शक्यच नाही. मार्जरी कळायला अक्कल लागते. क्लिफला ती आवडत होती यावर माझा विश्वास नाही!"

"गुरुवारी ये," ग्लेनिस म्हणाली. "मी लिलियनची बाजू घेईन."

"तू? तुला गाण्यातलं काय कळतं गं?"

"काहीच नाही," ग्लेनिस म्हणाली. "पण तुला हरवायला फारसं लागत नाही, हे दिसलंच की!"