मागच्या दाराच्या यमुनाताई

यमुनाताई कुणाच्याही घरी पुढच्या दाराने जात नाहीत. शहापूरच्या आमच्या ऑफिसातही त्या मोरीच्या बाजूने, मागच्या दाराने येतात. साहेबांच्या मुलाच्या लग्नात त्या अशाच आचाऱ्यांच्या बाजूने शिरल्या आणि तासभर कोथिंबीर निवडत बसल्या. आहेराचं पाकीट कमरेलाच राहिलं.

त्यांचं काम म्हणजे लहान मुलांच्या खाण्याचं माप घेणं. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर मुलांच्या पोटात दाण्यांवरच्या बुरशीचं, वाढ खुंटवणारं विष किती जातं, याची आमचं ऑफिस पाहणी करतं. मूल जे खाईल त्याचाच एक वाटा ताईंनी डब्यात भरायचा, सोबत मुलाची लघवी बाटलीत घ्यायची. दोन्ही तपासणीला जातं. आकडे कॉम्प्युटरवर चढवतो मी, आणि चुकले की ओरडतोही मीच.

सुरुवातीला एक गंमतच झाली. डब्यातलं अन्न स्वच्छ आणि लघवीत मात्र विष! साहेबांनी यंत्राला दोष दिला, मी बाटल्या धुणाऱ्याला. यमुनाताई म्हणाल्या, "यंत्राचा काय नाय. आपुन पुढल्या दारानं जातो, पावनं होतो. पावन्याला कोन खराब दाने देईल?"

खरंच होतं. बाया आमच्या डब्यासाठी शेंगदाणे निवडून, पाखडून देत होत्या. पोरांच्या हातावर पडत होते ते मागे राहिलेले, काळपट, सुरकुतलेले. तेव्हापासून ताई मागच्या दाराने थेट चुलीपाशी. "मला पावनी समजू नको गो. पोरीनं खाल्ला तोच दे." चहा नाही, बसायला पाट नाही. आकडे जुळायला लागले.

एक नियम मात्र कडक होता. एकाच घराची दोन मापं घ्यायची, आणि दुसरं होईपर्यंत त्या घरातल्या धान्याला हात लावायचा नाही. सल्ला शेवटी, सगळ्यांना एकदम. ताईंनी तो नियम कधी मोडला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात मुरबाडकडच्या एका पाड्यावरचा त्यांचा फॉर्म माझ्यापुढे आला. दुसऱ्या मापाचा. खाली लिहिलं होतं : हे माप धरू नये. पहिल्या मापानंतर मी या घरातले दाणे फेकले व माझे दिले.

मी चिडलो. "ताई, कामावरून काढतील तुम्हाला! ही ओळ मी गाळतो. कुणाला कळतंय?"

"गाळू नको. खोटा माप लावशील, मंग बाकीच्या पोरांचा काय?"

"मग फेकलेत कशाला?"

ताई म्हणाल्या, "ती पोर पाच वर्सांची. मला तिनाची वाटली. मागल्या दारानं गेले तरी तिच्या आयशीनं चांगले दाने मला दिले न रायलेले तिच्या हातावर ठेवले. मी पन हेच करायची रे. चांगले पावन्यांना, रायलेले माझ्या सुमीला."

"सुमीला काय झालं?" मी घाबरतच विचारलं.

"काय नाय. हाय ना, लगीन झालाय." त्यांनी आपल्या खांद्याच्या बऱ्याच खाली आडवा हात धरला. "पन इथंच थांबली. दान्यानंच का, देवाला ठावं. तवा कोनी मोजलाच नाय."

तो हात तसाच राहिला, सुमी शेजारी उभी असल्यासारखा. मला त्यांच्यावर ओरडल्याची लाज वाटली.

फॉर्म तसाच साहेबांकडे गेला. ते घर पाहणीतून वगळलं आणि ताईंना लेखी समज मिळाली. त्यांनी ती नीट वाचली, खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी डबे घेऊन पाड्यावर निघाल्या.

संध्याकाळी ऑफिस बंद करायचं काम माझ्याकडे असतं. ताई परत येईपर्यंत मागच्या दाराला मी कडी लावत नाही.