मनोहररावांच्या वड्या

सकाळचं ऊन समोरच्या कौलांवरून खाली उतरलं की आमचे शेजारी मनोहरराव बोंडे अंगणात येत, उन्हाकडे कूस करून उभे राहत, बंडी गळ्यापर्यंत वर उचलत, श्वास सोडून पोट आवळत आणि कुंपणापलीकडून मला हाक मारत.

"मास्तर, पाहा बरं. काई दिसते का?"

मी चहा तसाच टाकून कुंपणाशी जाई. तिरप्या उन्हात बारीकशी सावलीही उठून दिसते, म्हणून त्यांनी हीच वेळ धरलेली. मी वाकून पाही. समोर नीट सारवलेल्या ओट्यासारखं सपाट, गुळगुळीत पोट असे.

"नाही," मी म्हणे.

"बेंबीच्या वर? डाव्या अंगाला?"

"नाही हो."

"मंग काल आळस झाला माह्याकडून." ते बंडी खाली घेत. "मी लय आळशी माणूस आहे, मास्तर."

सुरुवातीला मला हसू येई. पुढे त्या तपासणीचा मला धाक वाटू लागला. कारण मी पाहत असताना ते स्वतःच्या पोटाकडे पाहत नसत, माझ्या डोळ्यांकडे पाहत. एकदा दया येऊन मी म्हटलं, "आज थोडं काहीतरी वाटतंय." त्यांनी मला इतक्या शांतपणे "खोटं काऊन बोलता?" असं विचारलं, की त्या दिवशी वर्गात मी दोनदा चुकीचा राजा गादीवर बसवला.

विदर्भ मुंबई राज्यात आला त्या सुमारास मी खानदेशातून आष्टीच्या शाळेत इतिहास शिकवायला आलो होतो. मनोहरराव कोर्टात कारकून. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, घरात ते आणि त्यांची म्हातारी आई. त्यांना हव्या होत्या त्या पोटावरच्या वड्या. आष्टीच्या व्यायामशाळेत पोटाच्या स्नायूंच्या चौकटींना वड्या म्हणत. परातीत थापून सुरीनं कापल्यासारख्या दिसतात म्हणून. त्या वड्यांसाठी हा माणूस पहाटे उठून जोर मारी, बैठका काढी, मुद्गल फिरवी, मग विहिरीवर जाऊन आमच्या घरचंसुद्धा पाणी शेंदून देई. आमची ही म्हणायची, असा आळशी शेजारी देव सगळ्यांना देवो.

जेवणात तूप नाही, गूळ नाही. सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या तळलेल्या वडीचा, वास आला तर नाकाला उपरणं. कोर्टात दाव्यांचे कागद लावताना ते टेबलाखाली दोन्ही पाय उचलून अधांतरी धरत. एकदा न्यायाधीशांनी विचारलं, "बोंडे, टेबल का थरथरतंय?"

"पाय मोकळे करून राह्यलो, सायेब."

"मोकळे झाले की सांगा. मला सही करायची आहे."

त्यांचं एक वाक्य साऱ्या गावाला पाठ होतं. "रक्तात काई नाई. सारं मेहनतीत आहे." हे वाक्य ते गंमत म्हणून बोलत नसत. एका लग्नाच्या पंगतीत उघड्या अंगानं बसलेल्या एका पाव्हण्याच्या पोटाचं कोणी कौतुक केलं. पाव्हणा म्हणाला, "आमच्या घराण्यातच आहे ते. आम्ही काही करत नाही." मनोहररावांच्या हातातला घास तिथंच थांबला. ते म्हणाले, "करत असाल. आठवत नसेल तुमाले." आणि भरल्या ताटावरून उठून गेले. मी मागोमाग गेलो. मांडवाबाहेर ते हात न धुता उभे होते. पोटाच्या वड्यांसाठी माणसानं भरलं ताट का सोडावं, मला उमगेना.

उलगडा आमच्या हिनं केला. बायकांमधलं तिला माझ्याआधी कळे. मनोहररावांचे वडील किसनराव हे नावाजलेले पहिलवान. त्यांच्या पोटावर वड्या अशा होत्या म्हणे की लोक त्या बघायला आखाड्यात येत. थोरला मुलगा गजानन, त्याचं पुलगावला कापडाचं दुकान. दिवसभर गादीवर लोळतो, जिलबी खातो, तरी अंगरखा काढला की बापाचंच पोट. धाकट्या मनोहरच्या वेळी किसनराव इंदूरकडे कुस्तीच्या दंगलींना गेले होते, ते फार दिवस आलेच नाहीत. परतले तेव्हा पोर पाळण्यात होतं. गावानं बोटांवर महिने मोजले. पुढे दोनएक वर्षांत किसनराव तापानं गेले. उरलं ते गावाचं बोलणं.

"त्या माउलीला तोंडावर कोणी काही म्हणालं नाही," ही म्हणाली. "पण नदीवर ती धुणं घेऊन आली की बाकीच्या गप्प होतात. आजसुद्धा."

त्या हिवाळ्यात व्यायामशाळेच्या मंडळींनी वार्षिक समारंभाला नागपूरच्या एका डॉक्टरांना बोलावलं. व्याख्यानाचा विषय फळ्यावर खडूनं लिहिला गेला: शरीर घडतं कशानं, रक्तानं की मेहनतीनं?

मनोहरराव फळा वाचून थेट माझ्याकडे आले. "मास्तर, कमिटीले तुमी सांगा. दुसरा विषय द्या म्हणाव. दात, डोळे, कायबी."

मी गेलो, सांगून पाहिलं. कमिटीचे अध्यक्ष होते सावजी. बाजारात किराण्याचं मोठं दुकान, पांढऱ्या मिशा, तरुणपणी आखाड्यात असत आणि किसनरावांकडून भर मैदानात चीत झालेले. ते हसले. "काऊन जी? बोंड्याले भेव वाटते का?"

समारंभापर्यंतचे ते दिवस वाईट गेले. मनोहररावांनी सकाळची तपासणी बंद केली आणि व्यायाम दुप्पट केला. भिंतीपलीकडून त्यांचा श्वास ऐकू यायचा, कण्हल्यासारखा. समारंभाच्या रविवारी दुपारी मी निघालो तर त्यांच्या दारात वेगळाच पेच. आई नवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी होती.

"तू घरी राह्य, माय," मनोहरराव विनवत होते. "तिथं ऊन लागीन."

"मांडव घातला हाये."

"तुले कंटाळा येईन."

"तू मले कधी कुठं नेलं नाई," म्हातारी म्हणाली. "मी येते." आणि त्यांच्या पुढं चालू लागली.

आखाड्याच्या मैदानात मांडव भरलेला होता. एका बाजूला बायका. पुलगावहून गजाननराव आले होते, पहिलवानाचा थोरला मुलगा म्हणून त्यांना पुढची खुर्ची होती. आई बायकांत पहिल्या रांगेत बसली. मनोहरराव खांबाला टेकून उभे राहिले, बसले नाहीत.

डॉक्टर तरुण होते, बोलायचे सोपं. प्रत्येक माणसाच्या पोटात त्या वड्या असतातच, ते म्हणाले. कोणाच्या चार, कोणाच्या सहा, कोणाच्या वाकड्या. त्यांची मांडणी जन्माबरोबर येते. मेहनतीनं त्या बळकट होतात. पण वर कातडीखाली चरबीचा थर असतो. तो कोणाचा पातळ, कोणाचा जाड. खाण्यापिण्यानं, मेहनतीनं थोडा हलतो, पण कुठं बसायचं हे त्यानं बरंचसं घराण्याकडून शिकलेलं असतं.

घराणं हा शब्द मांडवात पडला तसे सावजी उठले. आवाज गोड होता.

"डॉक्टरसायेब, म्हणजे बापाचं पोट पोरात उतरते. हे गजाननराव पाहा, बापाची नक्कल. मंग आमच्या मनोहररावाचं काय समजावं? त्याच बापाचा पोरगा. जनमभर मेहनत करून राह्यला बिचारा. एक वडी उठली नाई. आमाले अडाण्याले समजावून सांगा."

मागे एक जण हसला आणि लगेच थांबला. मी बायकांकडे पाहिलं. म्हातारी ताठ बसली होती, पदर मुठीत धरून.

मनोहरराव खांब सोडून पुढं आले.

"मेहनत कोण करते?" ते म्हणाले. "मी करत नाई. लोकाले दाखवायले नुसता मुद्गल घेऊन उभा राह्यतो. मी आळशी आहे. घरी लपून तूप खातो, गूळ खातो. माह्या बापाचं पोट माह्यातबी आलं असतं. मीच खराब केलं."

सारं गाव त्यांना पहाटे विहिरीवर पाहत होतं. खोटं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि लोकांना ते माहीत आहे हे मनोहररावांनाही ठाऊक होतं. तेव्हा कुठं मला त्यांच्या आळसाचा अर्थ लागला. आळस असेल तर दोष त्यांचा. मेहनत पुरी केली असेल आणि तरी वड्या नसतील, तर बोट दुसऱ्या कोणाकडे वळणार होतं. ते बोट हा माणूस इतकी वर्षं स्वतःकडे वळवून धरत आला होता.

डॉक्टरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी मनोहररावांना जवळ बोलावलं, बंडीवरून पोटात बोटं रोवली, श्वास सोडायला लावला, पुन्हा रोवली.

"तुम्ही खोटं का बोलता?" ते म्हणाले. "हे पोट आळशी माणसाचं नाही. माझं बोट आत जात नाहीये."

मनोहररावांचा चेहरा पडला. इतकी वर्षं राखलेली जागा डॉक्टरांनी कौतुक करता करता हिसकावून घेतली होती.

"मंग वड्या गेल्या कुठं?" सावजी म्हणाले. या वेळी आवाज गोड नव्हता.

मी कसा उठलो मला कळलं नाही. सभेत बोलायची मला सवय नाही. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, माझं हे नाक. वडिलांचं सरळ होतं. हे माझ्या मामाचं आहे. नाक मामावर जातं तसं पोट मामावर जातं का?"

दोघे-चौघे हसले, माझ्या नाकाला. हसले ते बरं झालं.

"का नाही जाणार?" डॉक्टर म्हणाले. "मूल निम्मं आईचं असतं. आजोळचा थर नातवाला आला तर त्यात नवल काय? यांच्या आईकडचं कोणी पाहिलं पाहिजे."

"मी पाह्यलं हाये," बायकांतून आवाज आला.

म्हातारी उभी राहिली होती. गुडघ्यावर हात, पण मान वर. त्या मांडवात तिचा आवाज त्याआधी कोणी ऐकला नसावा. "हिंगणीले माहा बाप होता. बैलबंडी उलटली तं एकटा खांद्यानं उचले. पोट असंच, गुळगुळीत. मनोहर पोटानं त्याच्यावर गेला. सावजी, मले जे विचाराचं हाये ते मले विचारा. त्याले विचारू नका."

सावजींनी मिशीवरून हात फिरवला. "आता हिंगणीले कोण जाते विचारायले," ते पुटपुटले. पण कोणी साथ दिली नाही. गजाननराव इतका वेळ जमिनीकडे पाहत होते. ते खुर्चीवरून उठले आणि धाकट्या भावाशेजारी येऊन उभे राहिले.

"सावजी, बस झालं," ते म्हणाले. "बसा खाली."

सावजी बसले. गाव एका दुपारीत बदललं असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर निदान तोंडावर कोणी काही काढलं नाही, आणि आमची ही सांगते, नदीवर बायका म्हातारीला धुण्याचा दगड रिकामा करून देऊ लागल्या.

समारंभ संपला तेव्हा ऊन कललं होतं. गजाननरावांना पुलगावची मोटार गाठायची होती. जाताना त्यांनी आईच्या पायांना हात लावला, भावाच्या खांद्यावर एकदा थोपटलं आणि काही न बोलता गेले. आम्ही घराकडे निघालो. रस्ता खडबडीत, म्हणून म्हातारीचा एक हात मनोहररावांनी धरला होता आणि दुसरा मी. संत्र्यांच्या बैलबंड्या बाजाराकडून परतत होत्या.

"मनोहर," ती म्हणाली, "लोक तुह्या कानात काय काय घालत राह्यले, मले ठाऊक नाई असं वाटलं का तुले?"

मनोहररावांनी वाटेतला धोंडा पायानं बाजूला सारला.

"तू एकदाही मले विचारलं नाई."

"काय विचारू, माय?" ते म्हणाले. "मले काई विचाराचं नोतं."

मी हात सोडून मागं राहायला पाहिलं, पण म्हातारीनं माझा पंजा घट्ट धरला होता. तिला मी तिथं आहे याची आठवण होती की नाही कोण जाणे.

"तुह्या बापानं विचारलं होतं," ती म्हणाली. "इंदूरहून आला तवा. बाहेर लोकानं गाठून त्याले काय सांगाचं ते सांगितलं होतं. घरात आला, पाळण्यापाशी उभा राह्यला लय वेळ. मी भिंतीले टेकून उभी. मले म्हणे, पोराचं नाव काय ठेवलं? मी सांगितलं, मनोहर. मंग त्यानं तुले उचललं आन् मांडीवर घेऊन बसला."

मनोहरराव चालता चालता थांबले. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा माणूस, पण आवाज एकदम लहान झाला होता.

"मले? लय वेळ घेतलं होतं का?"

"रडणं थांबेस्तोवर."

"मी रडत होतो?"

"तू तं झोपला होता," म्हातारी म्हणाली.