ओरीनबायच्या कानामागे

विहीणबाईंची नजर काही ठीक नव्हती. ओरीनबायने हे पहिल्या चहालाच हेरलं. त्याच्या एकुलत्या एका मुलीच्या, ऐगानिमच्या, कानांत डूल घालून सोयरीक पक्की करायला झेनेगुलबाई नवऱ्यासोबत आल्या होत्या. पण मुलीच्या कानांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या बघत होत्या ओरीनबायच्या मानेकडे.

सकाळी मेंढ्यांची लोकर कातरून तो नुसतं तोंड धुऊन बसला होता. कॉलर मळली असेल, म्हणून आत जाऊन सदरा बदलून आला. नजर तिथेच. टोपी खाली ओढली, तर विहीणबाई आणखी वाकल्या.

“कामशात,” स्वयंपाकघरात जाऊन तो बायकोच्या कानाशी लागला, “ही बाई खोट काढायला आलीय. डूल अजून पिशवीतच आहेत, बघ.”

“अहो, तुम्हाला दगडाचाही संशय येतो! जा, पाहुण्यांना मांस वाढा.”

“आणि विजार मोज्यांत खोचून कोण येतं सोयरिकीला? काहीतरी लपवतेय.”

तो परत येऊन बसतो तोच विहीणबाई नवऱ्याशी काहीतरी कुजबुजल्या आणि त्याने गंभीरपणे मान हलवली. ओरीनबायचा धीर सुटला.

“विहीणबाई, आमच्या घराण्यात काय खोट दिसली ती तोंडावर सांगा!”

“खोट नाही, व्याहीबुवा. तुमच्या कानामागे गोचीड आहे. चारचौघांत कसं सांगायचं, म्हणून गप्प होते.”

ओरीनबायचा हात सवयीने कानाकडे गेला.

“नखानं चिरडू नका! तिचं रक्त बोटाला लागलं तरी ताप येतो. तीस वर्षं दवाखान्यात काढलीत मी.”

तेवढ्यात कामशात मेंढीच्या शेपटीची चरबी घेऊन धावत आली. “हे फासा. गुदमरून सुटते. सासरे हेच करायचे.”

“गुदमरली की पोटातलं सगळं जखमेत ओकते,” म्हणत विहीणबाईंनी पिशवीतून डुलांऐवजी बारीक टोकाचा चिमटा काढला.

“सोयरिकीला चिमटा घेऊन येता?” ओरीनबायचे डोळे बारीक झाले.

“मे महिना गोचिडींचा. या दिवसांत लग्नालाही नेते. हलू नका.” त्यांनी गोचीड अगदी कातडीलगत धरली आणि न पिळता, हिसका न देता, सावकाश सरळ वर ओढली. ती बाटलीत गेली, झाकण लागलं, जखम साबणाने धुतली. “आता दोन आठवडे ताप मोजा. अंग तापलं तर थेट दवाखाना. मी रोज फोन करीन.”

“रोज?” ओरीनबायला यातही काळंबेरं दिसलं.

“रोज. आणि गवतात जाताना विजार मोज्यांत खोचत जा. मग गोचीड कापडावरून वर चढताना दिसते. घरी आलं की कानामागे, काखेत, केसांत बघायचं. आमच्या घरी तर...” विहीणबाईंचा चेहरा उतरला. “अगं बाई! दाउरेन!”

दाउरेन म्हणजे नवरामुलगा. गाडी चालवत तोच आला होता. पण सोयरीक पक्की होईपर्यंत सासऱ्याच्या नजरेस पडायचं नाही, म्हणून आल्यापासून टेकडीमागे गवतात लोळत होता.

ओरीनबायने चिमटा उचलला. “तुम्ही डूल काढून ठेवा. मुलगा मी बघून येतो.”

“अहो, रीत आहे काही!” कामशात ओरडली.

“रीत त्या गोचिडीला सांग.”

टेकडीमागे दाउरेन पसरला होता. सासरा दिसताच तो टोपीने तोंड झाकून पळायला लागला.

“थांब! कान दाखव.”

ओरीनबायने एक कान पाहिला, दुसरा पाहिला, मान पाहिली, केस पाहिले. काही निघालं नाही. मग बाजारात घोडा पारखावा तसा गंभीर चेहरा ठेवून तो म्हणाला,

“आता दात.”