पर्लने बांग दिली

बावीस वर्षांत आपल्या केबिनमध्ये एकाही पालकाचा आवाज चढलेला नाही, हे प्लम क्रीक प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक व्हर्लिन स्टकी दिवसातून किमान दोनदा सांगत. तिसऱ्यांदा ऐकायला कोणी थांबत नसे.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पालकांच्या हक्कांचा नवा कायदा आला तेव्हा आसपासचे मुख्याध्यापक वकिलांकडे धावले. स्टकींनी फक्त एक कपाट मागवलं. कायदा त्यांच्या मते सोपा होता. मुलगा-मुलगी या विषयावर शिक्षकांनी वर्गात चकार शब्द काढायचा नाही, आणि कोणाचं नाव किंवा लिंग बदलायची गोष्ट निघालीच तर पाच दिवसांत पालकांना लेखी कळवायचं. स्टकींनी फॉर्म छापून घेतले. आधी गुलाबी कागदावर. मग गुलाबी रंगाचा कोणी भलताच अर्थ काढील म्हणून पिवळ्यावर.

"आता खुद्द गव्हर्नर आले तरी बोट ठेवायला जागा नाही," ते म्हणाले.

"गव्हर्नरचं सोड. मंगळवारी शाळा मंडळ तुझ्या नोकरीच्या करारावर मत देणार आहे," लव्हर्नबाई म्हणाल्या. शाळेच्या कचेरीत त्यांनी तीन मुख्याध्यापक पचवले होते, हा चौथा. "तोवर त्या कपाटाला कुलूप लाव."

कुलूप लागायच्या आत गुरुवार उजाडला. चौथीचा वर्ग छातीवर हात ठेवून झेंड्याची प्रतिज्ञा म्हणत होता. गाडी 'सर्वांना न्याय'पर्यंत आली आणि मागच्या पिंजऱ्यातून पर्लने खणखणीत बांग दिली.

पर्ल ही वर्गाची कोंबडी. एप्रिलात शाळेच्याच उबवणी यंत्रातून निघालेली, सगळ्यांची लाडकी. वर्ग गर्रकन मागे वळला.

"मिस, पर्ल मुलगा आहे?"

वर्गशिक्षिका फ्लूगबाईंची नोकरी दोन वर्षांची. त्या घाईने म्हणाल्या, "हा प्रश्न घरी विचारायचा."

पण घरी जाईपर्यंत धीर कोणाला? मधल्या सुट्टीत मुलांनी हात वर करून मतदान घेतलं आणि पर्लचं नाव हर्मन ठेवून टाकलं.

फ्लूगबाई धापा टाकत केबिनमध्ये पोचल्या. स्टकींनी कायदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला.

"ह्यात विद्यार्थीच असला पाहिजे, असं कुठे म्हटलंय?"

"कुठे म्हटलेलं नाही सर, पण..."

"म्हटलेलं नाही ना? मग कळवायचं. आणि गावात कोंबडा ठेवायला बंदी आहे, तेही."

"निदान कोंबडी आहे एवढं तरी लिही," लव्हर्नबाई म्हणाल्या.

"ओळख उघड करायची नाही. तिसरं कलम."

आणि चोवीस घरी पिवळं पत्र गेलं: 'आपल्या पाल्याच्या वर्गातील एका सदस्याचे लिंग नोंदीपेक्षा वेगळे असल्याचे आढळून आले आहे. वर्गाने सर्वानुमते नवे नाव ठरविले आहे. सदर सदस्य पहाटे मोठ्याने ओरडण्याचा संभव असल्याने, नगरपालिकेच्या नियमानुसार त्यास आठ दिवसांत गावाबाहेर हलविण्यात येईल. ओळख गोपनीय राहील.'

स्टकींनी ते दोनदा वाचलं आणि स्वतःवरच खूश झाले.

शुक्रवारी गाव पेटलं. या कायद्यासाठी दारोदार सह्या गोळा केल्या होत्या मक्याचे शेतकरी आणि याच वर्गातल्या एका मुलाचे वडील ट्रेंट गेटिंगर यांनी. त्याच दारांवर उलट्या सह्या गोळा केल्या होत्या ग्रंथालयातल्या ऊना लिंडक्विस्ट यांनी. तेव्हापासून दोघं वाण्याच्या दुकानातही एकमेकांकडे बघत नसत. पण आता गेटिंगरनी स्वतः फोन लावला.

"बाई, पत्र वाचलंत? पोराला गावाबाहेर काढतायत."

"हा कायदा तुमचाच ना?"

"माझ्या कायद्यात पोरं हाकलायची नव्हती हो!"

वर्गात नेमकं काय झालं हे मुलांना विचारावं, असं कोणालाही सुचलं नाही. असले विषय मुलांसमोर काढायचे नाहीत, यावर मात्र दोन्ही गटांचं पहिल्यापासून एकमत होतं.

आता त्या गावाची रीत अशी, की कोणाच्या घरी संकट आलं की शेजारी न विचारता खिमा, बटाटे आणि चीज घालून भाजलेला काचेचा ट्रे दारात ठेवून जातात. तळाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. पण संकट कोणाच्या घरी, ते गोपनीय! जो तो आपल्या अंदाजाने ट्रे ठेवत सुटला. वर्गातल्या जोशुआचा आवाज फुटतोय, त्याच्या दारात दोन. रूथने केस कापले, तिच्याकडे तीन. रविवारी चर्चमधून येताना लोक एकमेकांचे हात उगाच जास्त वेळ दाबू लागले.

मंगळवारी शाळेच्या व्यायामशाळेत मंडळाची सभा भरली. बसायला जागा नव्हती. फ्लूगबाई शेवटच्या रांगेत, खुर्चीखाली पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर कोट. सभा संपली की हर्मनला मामाच्या वाडीवर सोडायचं ठरलं होतं.

गेटिंगर माईकपाशी आले. टोपी हातात.

"माझ्या फ्रीजमध्ये चार ट्रे आहेत," ते म्हणाले. "म्हणजे माझाच पोरगा, असं तुम्हाला वाटतंय. नाहीये तो. पण पहिला ट्रे बघितला आणि मी पायरीवर मटकन बसलो. असता, तर मी काय केलं असतं? ते लेकरू कोणाचंही असो, ते गावातच राहील. नाहीतर पहिला मुख्याध्यापक बाहेर."

टाळ्या थांबेनात. लिंडक्विस्टबाईंनी उठून गेटिंगरना मिठी मारली. मंडळाच्या अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "स्टकी, काही बोलायचंय?"

स्टकींना बावीस वर्षं डोळ्यांसमोरून जाताना दिसली. "मला बोलता येत नाही," ते क्षीण आवाजात म्हणाले. "तिसरं कलम."

मागे फ्लूगबाईंना रडू आवरेना. रुमाल काढायला त्यांनी कोट ओढला. खोक्यात उजेड शिरला. आणि हर्मनने अशी बांग दिली की माईकसुद्धा किंचाळला.

दोनशे माना वळल्या.

"हाच का तो सदस्य?" अध्यक्षांनी विचारलं.

"ओळख सांगता येत नाही," स्टकी म्हणाले.

आधी लिंडक्विस्टबाईंना हसू फुटलं, मग गेटिंगरना, मग सगळ्या व्यायामशाळेला. करार पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. मुख्य कारण, सगळ्यांना आपापले ट्रे शोधायला जायची घाई होती. हर्मनला गेटिंगरनीच शेतावर नेलं. ते गावाच्या हद्दीपासून जेमतेम शंभर पावलांवर.

"तेवीस वर्षं," सोमवारी स्टकी लव्हर्नबाईंना म्हणाले. "एकही तक्रार नाही."

"बावीस. अजून वर्ष सुरू आहे," लव्हर्नबाई म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी सकाळीच फोन वाजला. गेटिंगर हलक्या आवाजात बोलत होते. मुख्याध्यापक होण्याआधी स्टकी चौथीला शिकवत, तेव्हा ते त्यांच्याच वर्गात होते. घाबरले की अजून तेव्हाचाच आवाज निघे.

"सर, हर्मनने अंडं घातलंय."

स्टकींनी कपाटाकडे पाहिलं. आत पिवळ्या फॉर्मचा अर्धा गठ्ठा अजून शिल्लक होता.

"ट्रेंट, आणखी कोणी पाहिलंय?"

"नाही सर. मी एकटाच."

"शाबास. नाश्ता झालाय?"

"नाही."

"मग तवा ठेव."