दर शनिवारी मरणारा रॉन

"रॉनला आत्ता नाही येता येणार. तो मेलाय," डोरीन दारात उभी राहून म्हणाली. चेहरा असा, की नवरा जणू दूध आणायला गेलाय.

मी गेलो होतो पाना मागायला. २०१६ सालची गोष्ट. एडमंटनमध्ये घर घेऊन आम्हाला दोन महिने झाले होते, आणि शेजारच्या या म्हाताऱ्या इंग्रज प्लंबरचा पाना त्याच्यापेक्षा माझ्याकडेच जास्त असायचा. मी हातमोजे काढले, डोरीनचे दोन्ही हात धरले, "आय ॲम सो सॉरी" म्हणालो आणि घराकडे पळालो. वाटेत मनात म्हटलं, धन्य आहे बाईची! ही इंग्रज माणसं दुःखसुद्धा इस्त्री करून घालतात.

सुलभाने, म्हणजे माझ्या बायकोने, बातमी ऐकताच पिठलं टाकलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, पिठलंभात शेजाऱ्यांनी न्यायचा, हे तिला कॅनडातही कोणी सांगावं लागलं नाही. थर्मलवर पांढरा झब्बा, झब्ब्यावर काळं जॅकेट, असा शोकाकुल पेंग्विन होऊन मी सव्वाबाराला पातेलं घेऊन गेलो आणि बेल वाजवली.

दार मयताने उघडलं.

मी किंचाळलो. पातेलं मात्र सोडलं नाही. ते सुलभाचं होतं.

"राइट देन," मयत म्हणाला. "त्यात काय आहे?"

दोन ताटं पिठलंभात संपवल्यावर त्याने खुलासा केला. दर शनिवारी दहा ते बारा तो मरतो. बेसमेंटमधल्या आरामखुर्चीत, डोळ्यांवर टोपी ओढून. तेवढ्या वेळात डोरीनने घरातलं एक काम त्याला न विचारता करायचं. तुंबलेलं सिंक मोकळं करायचं, गाडीला विंटर टायर्स चढवायचे, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायचा. मेलेल्या माणसाने बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. "मी नसल्यावर हिचं अडायला नको," हे त्याचं पालुपद. दिवसातून दहादा.

आमच्याकडे असं कोणी बोललं तर आधी "शुभ बोल रे नाऱ्या" ऐकावं लागतं. मी त्याला म्हटलं, "अरे, बायकोची सोय करायची तर लोक विमा काढतात."

"विमेवाला येऊन फर्नेस पेटवतो का, जे?" माझं नाव जयवंत. तीन अक्षरं शिल्लक टाकून तो मला 'जे' म्हणायचा.

त्याने घरातल्या प्रत्येक कॉकला पितळेचा बिल्ला लावला होता. बिल्ल्यांवर काय, तर 'डोरीन, हा नाही.' पुढच्यावर, 'हाही नाही.' मग 'हा. पण हळू.' गॅसच्या कॉकवर तर 'आधी सिगारेट विझव' असं होतं. डोरीनने आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. त्यांची मुलगी तिकडे दूर ब्रॉसार्ड गावी असते, ती फोनवर ओरडायची, "डॅड, आजकाल सगळं व्हिडिओत असतं!" रॉनचं उत्तर ठरलेलं, "व्हिडिओला काय ठाऊक, आपला तिसरा स्क्रू झिजलाय ते?"

आमच्या घरी या प्रकाराचा परिणाम वाईट झाला. मी ड्रायरची नळी बसवायला गेलो आणि वॉशिंग मशीनची काढून बसलो, तेव्हा सुलभा पाण्यात उभी राहून म्हणाली, "अरे, तो मेल्यावरसुद्धा बायकोच्या उपयोगी पडायला बघतोय. तू जिवंतपणी एकदा पडून दाखव."

रॉनच्या मरणात एकच खोट होती. तो खोकायचा. डोरीनचा हात चुकीच्या स्क्रूकडे गेला की टोपीखालून एक खोकला, बरोबर स्क्रूकडे गेला की दोन. "मेलेली माणसं खोकत नाहीत, रॉन!" डोरीन करवादायची. शेवटी तिने मला पंच नेमलं. दर शनिवारी मी खुर्चीशेजारी स्टुलावर बसायचो. मयत खोकला तर दहा मिनिटं वाढवायची. पंचाची पात्रता एकच, त्याला कामातलं काही कळता कामा नये. माझी निवड बिनविरोध झाली.

हा सगळा पोरखेळच आहे असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. मग एकदा रॉन आमचं किचन सिंक दुरुस्त करत होता. डोकं कपाटात, फक्त पाय बाहेर. मी सहज विचारलं, "हे मरणाचं खूळ कुठून आलं तुझ्या डोक्यात?"

कपाटातून आवाज आला, "माझा बापही प्लंबर होता. लँकशायरला. तो गेला तेव्हा कडाक्याचा हिवाळा. आईने आठ दिवस घरात कोट घालून काढले. बॉयलर पेटवायचा कसा, हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. शेजाऱ्यांना विचारायची लाज वाटली. अर्ध्या गावाला ऊब देणारा माणूस, आणि त्याची बायको..." मग पाय जवळ ओढून, "मी तेव्हा इथे होतो. लोकांचे पाइप जोडत. पाना दे."

मी भलताच पाना दिला. एरवी त्याने माझ्या सात पिढ्यांची अक्कल काढली असती. त्या दिवशी नुसता घेतला.

त्यानंतरच्या जानेवारीत उणे पस्तीस झालं. शनिवार होता. रॉन दहाला मेला. डोरीनला काम दिलं होतं साधं, नळाचा वॉशर बदलायचं. साडेदहाला फर्नेस खरोखरच बंद पडली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग पायांना कळलं. मी उठून म्हणालो, "डोरीन, कंपनीला फोन करू?"

"पंच बोलत नाही," ती म्हणाली.

तिने थर्मोस्टॅट बघितला, फिल्टर बघितला, ब्रेकर बघितला. खुर्चीत टोपी ताठ. एक खोकला नाही. रॉनच्या हातांनी खुर्चीचे दांडे इतके घट्ट धरले होते की बोटांची पेरं पांढरी पडली. बाई मनाशीच पुटपुटली, बूट चढवले, स्वयंपाकघरातला लाकडी चमचा घेतला आणि बाहेर गेली. घराच्या भिंतीतून फर्नेसचा जो पाइप बाहेर निघतो, त्याच्या तोंडावर हिमाचा गोळा बसला होता. वरून ठक ठक ऐकू आलं. मग एक काड्कन आवाज. ती खाली आली, स्विच बंद करून पुन्हा लावला, आणि आम्ही तिघं, त्यातला एक मयत, वाट बघत बसलो.

भप्प करून ज्योत लागली.

मी टाळ्या वाजवल्या. पंचाला शोभत नाही, पण वाजवल्या. डोरीन हसली नाही. बर्फाने माखलेले बूट तसेच पायात ठेवून ती जिन्याच्या पायरीवर बसली. हातात मोडका चमचा.

"फर्नेस मी लावीन, रॉन," ती म्हणाली. "वॉशरही बदलीन. ते मला कधी जड गेलं नाही. पण तू घरात असून बोलत नाहीस, हे दोन तास मला सोसत नाहीत. त्याचं काय करायचं ते कुठल्या बिल्ल्यावर लिहिलंयस?"

मी घड्याळात बघितलं. अकरा दहा. मरणाची पन्नास मिनिटं बाकी होती.

मग टोपीखालून आवाज आला, जरा घोगरा.

"लाकडी चमच्याने नाही फोडायचं, लव्ह. कोमट पाणी ओतायचं. हिम का धरतं माहितीये? आतली हवा ओली असते..."

आणि तो बोलत सुटला. पाइपचा उतार, वाऱ्याची दिशा, मागच्या घरमालकाचा मूर्खपणा. डोरीन हनुवटीखाली हात घेऊन ऐकत बसली, जे तिने आत्ताच स्वतःच्या हाताने करून दाखवलं होतं ते, पहिल्यांदाच कळत असल्यासारखं.

मी पंच होतो. नियम मोडला जात होता. मी हळूच जॅकेट उचललं आणि पाय न वाजवता जिना चढलो.